नायक तपासताना

मी खेळतो.
खेळते नाही, खेळतो.
आमच्या वडगावात बायका असंच बोलतात,
आईसुद्धा म्हणते, "मी जेवलो, तू बस."
पुण्याची मावसबहीण हसते. हसू दे.
खरं गेम सुरू होताना तो पडदा येतो ना,
पुरुष की बाई, निवडा,
तिथं मी दर वेळी जरा घुटमळतो.
मग बाई निवडतो
आणि तिच्या तोंडात माझं क्रियापद घालतो.

दिवसा मी उद्यमबागेत, फाउंड्रीत.
पंपाची, व्हॉल्व्हची कास्टिंगं येतात,
कॅलिपर लावायचा, बोटानं चाचपायचं,
कुठं पोकळी, कुठं चीर,
दिसली की खडूनं फुली.
त्याच बोटानं सांगतो:
गेममधल्या बाईचं ते चिलखत,
खांद्यावर दोन पत्रे, पोट उघडं,
पास होणार नाही.
ज्यानं ते काढलं
त्यानं लोखंडाचा रस सांडताना बघितलेला नाही.

आणि तो नायक!
त्याला काही म्हणजे काही आठवत नसतं.
पहिल्या तासात गाव जळतं, गुरू मरतो,
आणि हा निवडलेला.
कुणी निवडला? मीटिंग कधी झाली?
पाठीवर चौदा तलवारी, तरी पळतो.
कुणाच्याही घरात शिरतो,
मडकी फोडतो, आतली नाणी घेतो,
आणि घरची बाई चुलीपुढं उभी राहून म्हणते,
"यंदा थंडी लवकर पडली."
मी तिच्याशी अकरा वेळा बोललो.
अकरा वेळा थंडी लवकर पडली.
तिच्या हातातली पळीसुद्धा हलली नाही.

तरी एक आहे.
आभाळ लाल झालेलं, जग बुडायला आलेलं,
अन् बांधावरची म्हातारी म्हणते, माझी कोंबडी हरवली.
तर हा गडी जग ठेवतो बाजूला
आणि झुडपांत वाकून कोंबडी शोधतो.
त्या कोंबडीसाठी मी त्याला मडकी माफ केली.
सगळी नाही. निम्मी.

शिवलीला तिच्या घरून खेळते, मी माझ्या.
कानाला हेडफोन. ती कानडीत शिव्या देते, मी मराठीत,
राक्षस दोन्हींत मरतो.
तिचं म्हणणं, कोंबड्या काय शोधतेस,
राजाला उत्तर दे आधी.
राजा विचारतो, तू कुणाच्या बाजूची?
खाली तीन उत्तरं.
तीन!
बस स्टँडवर एक बोलतो आम्ही, भाजीवालीशी दुसरं,
कचेरीत तिसऱ्याच कुणाकडून अर्ज भरून घेतो,
आणि कुणी फारच खोदलं तर "बघूया की",
ज्यात हो आहे, नाही आहे,
आणि चहा घेणार काय, हेही आहे.
ते चौथं उत्तर कुणी लिहिलंच नाही.
म्हणून राजा दोन महिने दरबारात तसाच उभा आहे,
मी घोडा घेऊन नकाशाच्या कडेला गेलो.
तिथं भिंत. दिसत नाही, खरं आहे.
घोडा जागच्या जागी धावत राहतो.
निपाणीकडं मामाच्या म्हशी
चरत चरत पलीकडच्या राज्यात जातात
आणि धारेच्या वेळेला परत येतात.

माझ्या बाईचं नाव मी तारव्वा ठेवलं.
कोअर शॉपमध्ये होती एक तारव्वा,
मला पहिल्या दिवशी हातमोजे दिले तिनं, स्वतःचे,
आणि ती मोकळ्या हातानं कामाला लागली.
गेममध्ये व्रण निवडता येतात, सोळा प्रकारचे,
सगळे चेहऱ्यावर,
भुवई कापत जाणारे, देखणे.
मनगटावर भाजल्याची खूण ठेवायला
जागाच नाही कुठं.

म्हणून माझी तारव्वा
झोपतानासुद्धा हातमोजा काढत नाही.